ट्रंक बोर्डामागच्या अक्का

अक्का,

परवा तुम्हाला बसवून नेलं. तुमच्यात माणसाला बसवूनच नेतात, बसवूनच पुरतात, हे मला ऐकून माहीत होतं, पण डोळ्यांनी पाहिलं ते पहिल्यांदाच. बाळीवेशीतल्या तुमच्या बोळातून ती फुलांनी मढवलेली खुर्ची खांद्यांवरून निघाली. कपाळावर भस्म, गळ्यात लिंग, अंगावर तुमची नेहमीची राखी रंगाची सुती साडी. तुम्ही ताठ बसला होता. पुढे भजनाची माणसं होती, मागे आम्ही टेलिफोन एक्स्चेंजच्या बायका, आणि त्या गर्दीत माझ्या मनात आलं ते अगदीच वेडं होतं. मला वाटलं, अक्का बसल्या एकदाच्या.

कारण ड्यूटीवर तुम्हाला स्वतःच्या खुर्चीत टेकलेलं मी फार क्वचित पाहिलं. सुपरवायझरचं टेबल होतं, गादीची खुर्ची होती, डोक्यावर पंखाही होता. आम्हा ऑपरेटरांच्या वाट्याला नव्हता तो पंखा. पण तुम्ही कायम आमच्या पाठीमागे. ट्रंक कॉल जोडायच्या बोर्डांची ती लांबलचक रांग, त्यापुढे उंच खुर्च्यांवर कानाला हेडफोन लावून बसलेल्या आम्ही, आणि आमच्या मागून या टोकापासून त्या टोकापर्यंत सावकाश चालणाऱ्या तुम्ही.

मी बार्शीहून नवी आले तेव्हा मला त्या चालण्याची भीती वाटायची. समोर दिवे लागत असायचे, एका हातात लाइन जोडायची कॉर्ड, दुसऱ्या हातात पेन्सिल, कानात मुंबईचा कोणीतरी ओरडतोय, आणि मागे तुमच्या वहाणांचा आवाज. तो आवाज माझ्या खुर्चीमागे थांबला की मी पेन्सिल आणखी घट्ट धरायची. आता काहीतरी चूक काढणार, उद्या मेमो देणार. सगळ्याच नव्या मुलींना तसं वाटायचं. आमच्यात तुमचं नाव 'पहारा' असं होतं. ते तुम्हाला ठाऊक असणार. तुम्ही कधी दाखवलं नाही.

मग तो चादरीचा व्यापारी आला. आला म्हणजे लाइनवर आला. त्याला मालेगाव अर्जंट हवं होतं आणि मालेगावची लाइन सकाळपासून मिळत नव्हती. पहिल्यांदा तो माझ्यावर ओरडला, मग माझ्या खात्यावर, मग त्यानं माझ्या आईवडिलांचा उद्धार केला. मी शिकवल्याप्रमाणे "प्रयत्न चालू आहेत" एवढंच म्हणत राहिले. आवाज माझा साधाच होता, निदान मला तसं वाटत होतं. तुमच्या वहाणा थांबल्या. मी मान आत घेतली. तुमचा हात माझ्या खांद्यावर आला आणि तुम्ही कानाशी वाकून म्हणालात, "ऊठ कुमुद. पाणी पिऊन ये जा."

मी उठले. तुम्ही माझा हेडफोन स्वतःच्या डोक्यावर चढवलात आणि माझ्या जागेवर बसलात. दारातून मी ऐकत उभी राहिले. तुम्ही त्या माणसाशी कानडीत बोलत होता. आवाज चढवलेला नाही, लाडीगोडी नाही. घरातल्या थोरल्या बहिणीनं विचारावं तसं काहीतरी विचारलंत. पलीकडचा ओरडणं थांबवून उत्तरं देऊ लागला असणार, आणि थोड्या वेळानं तुम्ही चक्क हसलात. मी परत आले तेव्हा तुम्ही म्हणालात, त्याचा माल गाडीत चढलेला नाही आणि भाऊ दवाखान्यात आहे, माणूस पार घाबरलेला आहे. मी विचारलं, मी घाबरले होते हे तुम्हाला मागून कसं कळलं? तुम्ही पुढच्या खुर्चीकडे निघूनही गेला होता.

त्या दिवसापासून मला तुमच्या चालण्याची भीती वाटेनाशी झाली. नंतर जे वाटू लागलं त्याला आदर म्हणणं थोडं कमी पडतं. समोर काहीतरी फार मोठं आहे आणि आपल्याला त्याचा एक कोपराच दिसतोय, असं ते होतं. अजूनही तसंच आहे.

पण खऱ्या अर्थानं तुम्ही मला कळलात त्या दुष्काळाच्या उन्हाळ्यात.

तो उन्हाळा आपल्या बोर्डावर कसा होता हे बाहेरच्या कुणाला सांगून पटायचं नाही. पाण्याच्या टँकरसाठी फोन, धान्यासाठी फोन, खडी फोडायच्या कामावर कुणाला ऊन लागलं म्हणून फोन, गाव सोडून गेलेल्यांच्या शोधासाठी फोन. लाइनी तेवढ्याच, माणसं तेवढीच. बोर्डावरचे दिवे विझायचे म्हणून नाहीत. घरी गेल्यावर ताटात भाकरी वाढली तरी कानात कुणीतरी बोलत असायचं. आमच्यातली सुमन झोपेत "नंबर प्लीज" म्हणते असं तिच्या सासूनं येऊन सांगितलं तेव्हा आम्ही सगळ्या हसलो होतो. तुम्ही हसला नव्हता. तुम्ही सुमनला त्या आठवड्यात दुपारची पाळी दिली नाही.

आणि मग पद्माचा आवाज गेला.

पद्मा म्हणजे पूर्व भागातल्या विणकराची मुलगी, तेलुगू घरातली. घरात हातमाग, आई सुताच्या कांड्या भरायची, आणि सरकारी नोकरी लागलेली त्या घरातली ही पहिली. आमच्या सगळ्यांत तिचा आवाज गोड. गिऱ्हाईकं नाव विचारायची, तिनं कधी सांगितलं नाही. त्या दुपारी ती माझ्या शेजारच्या खुर्चीवर होती. दिवा लागला, तिनं कॉर्ड लावली, तोंड उघडलं आणि काहीच आलं नाही. तिनं पुन्हा प्रयत्न केला. ओठ हलत होते. पलीकडचा माणूस हॅलो हॅलो करत होता. तिनं माझ्याकडे पाहिलं. बुडणाऱ्या माणसाचा चेहरा कसा असतो मला माहीत नाही, पण तो तसाच असावा.

तुम्ही तिला उठवलंत, मला तिची कॉर्ड घ्यायला सांगितलीत आणि तिला हाताला धरून बाहेर नेलंत.

डॉक्टरांनी घसा तपासला. घसा स्वच्छ होता. सूज नाही, गाठ नाही, काही नाही. दुसऱ्या डॉक्टरांनीही तेच सांगितलं. मग कुजबुज सुरू झाली. घशाला काही नाही म्हणजे सोंग आहे. एवढ्या गर्दीच्या दिवसांत ड्यूटी टाळायची म्हणून नाटक चाललंय. माणसं कमी असली की कुणालाही दुसऱ्याची रजा डोळ्यांत खुपते, त्यात आपल्या मुलींचा तरी काय दोष. साहेब नवे होते, वरून त्यांना रोज जाब विचारला जात होता. त्यांनी तुम्हाला केबिनमध्ये बोलावलं. त्या मुलीबद्दल रिपोर्ट द्या, म्हणाले, कामात टाळाटाळ करते असा.

मी त्या वेळी बाहेरच्या टेबलावर कॉलच्या नोंदीची तिकिटं लावत होते, दार उघडंच होतं. तुम्ही सांगितलंत की तसा रिपोर्ट तुम्ही देणार नाही. साहेबांनी विचारलं, मग कसला देणार? तुम्ही टेबलाशी गेलात. मग म्हणालात, "साहेब, गिरणीत बोट मशीनमध्ये गेलं तर रक्त दिसतंय, म्हणून लोक धावतात. हितं रक्त येत न्हाई. तेवढाच फरक हाय."

एरवी ऑफिसात तुम्ही अगदी पुस्तकी मराठी बोलायचात, साहेबांपुढे तर नक्कीच. त्या दिवशी घरचं मराठी बाहेर पडलं. त्यावरून मला कळलं की तुम्ही किती चिडला आहात.

मग तुम्ही साहेबांना एक विनंती केलीत. रिपोर्ट लिहायच्या आधी त्यांनी एका दुपारच्या पाळीला जादा हेडफोन लावून बोर्डावर बसावं. बोलायचं नाही, कॉर्ड लावायची नाही, नुसतं ऐकायचं. मला वाटलं आता हे संतापणार. पण तो माणूस सरळ होता. आला. माझ्या आणि सुमनच्या मधे स्टूल टाकून बसला. सुरुवातीला त्यांनी वहीत काही टिपून घेतलं, मग पेन खिशात ठेवलं. पाळी संपली तेव्हा त्यांचा शर्ट घामानं पाठीला चिकटला होता. हेडफोन काढून त्यांनी कान चोळला आणि आम्हाला विचारलं, "हे रोज असंच असतं?" सुमन म्हणाली, आज जरा कमीच होतं साहेब.

त्यांनी रिपोर्टाचं पुन्हा नाव काढलं नाही. पद्माला न बोलायचं काम द्यावं, असं त्यांनीच सुचवलं. पण पद्मा कामावर यायलाच तयार नव्हती. ती घरात बसून होती. कांड्याही भरेना.

आणि तुम्ही तिच्या घरी जायला लागलात. रोज. पाळी संपली की पदर खोचून त्या उन्हात चालत. बऱ्याचदा मीही तुमच्याबरोबर आले. पहिल्या दिवशी तिची आई दारातच रडायला लागली. "पोरगी बोलत न्हाई बाई, जेवत बी न्हाई. कुणी काय केलं का तिला?" तुम्ही म्हणालात, कुणी काही केलेलं नाही, आणि मागाजवळच्या पाटावर जाऊन बसलात. पद्मा भिंतीशी गुडघे पोटाशी घेऊन बसली होती. मला वाटलं, आता तुम्ही समजूत घालणार, धीर देणार, कामावर ये म्हणणार. यातलं तुम्ही काहीच केलं नाहीत. तिच्या आईकडे पाणी मागितलंत, तेही तेलुगूत. तेलुगू म्हणजे काय, कानडीच जराशी वाकडी करून.

"नीरु इव्वु," तुम्ही म्हणालात.

आईनं पाणी दिलं. तुम्ही मागाकडे बोट दाखवून त्याला तेलुगूत काय म्हणतात ते विचारलंत, आईनं सांगितलं, तुम्ही ते चुकीचं म्हटलंत. सूत, कांडी, धोटा, एकेक विचारत गेलात आणि एकेक बिघडवत गेलात. आई डोळे पुसता पुसता हसायला लागली. पद्मा नुसती बघत होती. निघताना तिला तुम्ही "येते गं" एवढंच म्हणालात.

दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. नीरु इव्वु. त्याच्या दुसऱ्या दिवशीही. बोळात येताना मी तुम्हाला म्हटलं, अक्का, तुमच्या शेजारी तेलुगू कुटुंब आहे, इतकी वर्षं ऐकताय, पाण्याला काय म्हणतात ते तुम्हाला येत नाही होय? तुम्ही म्हणालात, "येतंय की."

त्याच दिवशी की पुढच्या खेपेला, मला आता नीट आठवत नाही, तुम्ही तसंच पाणी मागितलंत आणि कोपऱ्यातून आवाज आला.

"नीळ्ळु."

घोगरा, गंजलेला आवाज. आईच्या हातातला तांब्या तसाच राहिला. तुम्ही वळूनही पाहिलं नाहीत. "काय?" म्हणालात, साधं ऐकू न आल्यासारखं. पद्मा पुन्हा म्हणाली, जरा चिडून, "नीरु न्हवं, नीळ्ळु. नीळ्ळु म्हणतात."

"नीळ्ळु," तुम्ही म्हणालात. अगदी बरोबर म्हणालात. आणि पाणी प्यायलात.

अक्का, मी त्यानंतर खूप काही पाहिलं. चांगले डॉक्टर पाहिले, भाषणं करणारी मोठी माणसं पाहिली. पण त्या मागाच्या खोलीत तुम्ही तांब्या तोंडाला लावून पाणी प्यालात तेव्हा माझ्या अंगावर जो काटा आला तसा पुन्हा आला नाही. त्या मुलीला दुखवणारं मराठी होतं, बोर्डावरचं मराठी. त्यात तिचा आवाज अडकला होता. तुम्ही तिला त्या भाषेतून बाहेर बोलावलंत. त्यासाठी तुम्ही स्वतःला चुकीचं करून घेतलंत, रोज, लोकांसमोर.

काय झालं होतं ते तिनं सांगायला आणखी काही दिवस लागले. मी तेव्हा तिथेच होते. सिव्हिल हॉस्पिटलमधल्या फोनवरून एक माणूस कॉल बुक करत होता. बायको बाळंतपणात अडली होती आणि आईला बोलवा म्हणत होती. आई बार्शीच्या पलीकडच्या एका गावात. बार्शी मिळत होतं, पण बार्शीहून पुढं गावाची लाइन बंद होती. तो माणूस थोड्या थोड्या वेळानं फोन करायचा. ओरडायचा नाही, शिव्या द्यायचा नाही. "ताई, लागला का हो?" एवढंच विचारायचा. पद्मा बार्शीला पुन्हा पुन्हा विनवत राहिली. मग संध्याकाळच्या आत त्याचा शेवटचा फोन आला. "ताई, आता ऱ्हाऊ द्या. तुमी लई खटपट केली." तिनं तिकिटावर कॉल रद्द असं लिहिलं, शेजारचा दिवा लागला होता, तिथे कॉर्ड लावली. पुढे आणखी काही दिवस ती तशीच कॉर्ड लावत राहिली आणि मग एका दुपारी आवाज निघेनासा झाला.

मी तिच्या शेजारच्या खुर्चीवर होते त्या दिवसांत, मला काही दिसलं नव्हतं. तिनं दिसू दिलं नव्हतं. शिव्या देणाऱ्यांसाठी आम्ही सगळ्यांनी कातडी जाड करून घेतली होती. "ताई" म्हणणाऱ्यासाठी कुणीच काही केलं नव्हतं.

सांगून झाल्यावर पद्मा तुमच्याकडे बघत राहिली. तिची आई म्हणाली, यात तुझी काय चूक, तू काय करणार होतीस. ते सगळेच म्हणाले असते. तुम्ही तिचा हात हातात घेतलात. आपल्या एक्स्चेंजमध्ये सगळ्यांना ठाऊक होतं की जी लाइन कुणाला मिळत नाही ती हिरेमठबाईंना, म्हणजे तुम्हाला, मिळते. मेलेल्या तारेतून त्या बोलतात, असं बार्शीचे ऑपरेटरही म्हणायचे. तुम्ही म्हणालात, "ती लाइन मला पण लागली नसती, पद्मा."

मग ती रडली. मोठ्यानं, तोंड उघडून, सगळ्या आवाजानिशी. आणि तुम्ही तिला रडू दिलंत.

ती परत आली तेव्हा आपल्याकडे बऱ्याच गोष्टी बदलल्या होत्या. साहेबांनी जुन्या सामानाची खोली रिकामी करून दिली. तिथं एक खाट आली, माठ आला, खिडकीला तुम्ही घरून जुन्या लुगड्याचा पडदा आणलात. बोर्डावर एखादा कॉल अंगावर आला की हेडफोन उतरवून उठायचं आणि त्या खोलीत जायचं. कारण सांगायची सक्ती नाही. तिची जागा तुम्ही भरायची, किंवा तुम्ही सांगाल तिनं. पहिले काही दिवस कुणीच उठलं नाही, सगळ्यांना लाज. मग एका सकाळी तुम्ही स्वतःच सांगितलंत, मी जरा आत जाऊन येते, कुमुद, तू रांगेच्या मागून फिर. तुम्हाला काही झालं नव्हतं, ते मला माहीत होतं. त्यानंतर मुली उठायला लागल्या. खाटेवर कुणी पाच मिनिटं डोळे मिटून पडायची, कुणी तुमच्या डब्यातली कडक भाकरी आणि शेंगाची चटणी खाऊन यायची. रजा कमी झाल्या. बोर्डावरची भांडणंही कमी झाली. साहेब म्हणायचे, बाईंच्या खोलीनं काम केलं.

आपलं भांडण तिथूनच सुरू झालं.

मी तोपर्यंत युनियनमध्ये पडले होते. मला दिसत होतं की कुणी उठलं की तुम्ही तिच्या जागेवर बसता. दुसरी उठली की तिच्या. तुमचं जेवण तिसऱ्या प्रहरी, कधी नाहीच. मी तुम्हाला म्हटलं, "अक्का, आपल्याला जादा माणसं मंजूर व्हायला हवीत. तुम्ही स्वतः खड्डा भरता, म्हणून वरच्यांना खड्डा दिसतच नाही." तुम्ही म्हणालात, "दिसेपर्यंत त्या पोरीनं काय करायचं?" मी म्हटलं, आणि तुम्ही नसाल तेव्हा तिनं काय करायचं? तुम्ही हसून म्हणालात, तेव्हा तू असशील की.

हे भांडण आपण वर्षानुवर्षं केलं. चहावर केलं, सिद्धेश्वराच्या तळ्याकाठी फिरताना केलं. एकदा मी इतकी चिडले की म्हणाले, तुमच्या चांगुलपणामुळे खात्याचं फावतंय. तुम्हाला ते लागलं. चालता चालता तुम्ही थांबलात. मग म्हणालात की मी खरं बोलते आहे, पण तुमच्याच्यानं खुर्चीत बसून ते बघवत नाही. मी मोठं बघावं, तुम्ही समोरचं बघाल. मला ती वाटणी मान्य नव्हती. आजही नाही. मला अजून वाटतं की दोन्ही एकाच माणसानं बघितलं पाहिजे, नाहीतर समोरचं बघणारा मरून जातो.

तुम्ही आजारी पडलात तेव्हा निवृत्तीला थोडेच महिने राहिले होते. पायांवर सूज, मग धाप. दवाखान्यात मी पहिल्यांदा आले तेव्हा तुमच्या डाव्या अंगाला स्टूल ओढून बसले आणि बोलायला लागले. एक्स्चेंजच्या गमती सांगितल्या, सुमनच्या मुलाचं सांगितलं. तुम्ही खिडकीकडे बघत होता. मला वाटलं, थकल्यात. मग वहिनी, म्हणजे तुमच्या भावाच्या बायको, चहा घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "त्या बाजूनं बसू नका हो. तो कान गेलाय त्यांचा."

मी उजव्या बाजूला आले. विचारलं, केव्हापासून? तुम्ही म्हणालात, "लई वर्षं झाली की."

हेडफोन लावायचा तोच कान होता तो. इतकी वर्षं ओरडणारी माणसं तुम्ही आमच्या वाट्याची त्याच कानात घेतली होती. आणि आम्ही म्हणत होतो की अक्कांना श्वासावरून कळतं, आवाजावरून कळतं. त्या गोंगाटात तुम्हाला आमचे आवाज धड ऐकूही येत नसणार. तुम्ही आमच्या पाठी बघत होता. कोण खांदे वर चढवून बसली आहे, कुणाची मान ताठली आहे, कोण पेन्सिल फार घट्ट धरते आहे. म्हणून तर तुम्ही मागून चालत होता. माझ्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर मला त्या दवाखान्यात मिळालं.

"अक्का, सांगितलं का नाही तुम्ही?" मी विचारलं.

तुम्हाला जरा नवल वाटल्यासारखं दिसलं. विचार केलात. मग म्हणालात, "कुणी विचारलं न्हाई की."

त्यात तक्रार नव्हती. गेल्या वर्षी पाऊस बरा झाला, असं सांगावं तसं तुम्ही ते सांगितलंत, आणि लगेच आज दुपारच्या पाळीला कोण कोण आहे ते विचारलंत.

त्या दिवशीच तुम्हाला कळलं होतं की सुपरवायझरची ऑर्डर माझ्या नावानं निघते आहे. मी ती नाकारणार होते. तुम्हाला ते सांगितलंही. तुमच्या जागेवर मी काय करणार? मला भांडता येतं, अर्ज लिहिता येतात, साहेबांसमोर टेबलावर हात आपटता येतो. एखाद्या मुलीच्या पाठीवरून तिच्या मनात काय चाललंय हे मला आयुष्यात कळलेलं नाही. शेजारी बसून पद्माचं कळलं नाही मला. तुम्ही म्हणालात, "घे ती ऑर्डर." मी उत्तर दिलं नाही. उद्या सांगू, परवा सांगू म्हणून राहिलं. मग परवा तुम्हाला बसवून नेलं.

तर आता सांगते. मी घेतली. जादा माणसांचा अर्जही पहिल्याच दिवशी दिला, त्यावर सही पद्माचीही आहे. ती आता नव्या मुलींना शिकवते. तुम्हाला आवडला नसता तो अर्ज, निदान त्यातली भाषा. असू दे.

आज माझी पहिली दुपारची पाळी होती. मी तुमच्यासारखं मागून चालून बघितलं. मला पाठी दिसल्या. नुसत्या पाठी, अक्का. साड्या, वेण्या, घामाचे डाग. तुम्हाला यात काय काय दिसायचं, या विचारानंच मी मधे उभी राहिले. मला ते कधी येणार नाही. तुम्हाला न विचारता कळायचं. मला कळणार नाही, म्हणून मी विचारणार आहे. एकेकीला, रोज, तोंडानं.

रांगेच्या टोकाला एक नवी मुलगी आहे, कुंभारीहून सायकलनं येते. तिच्या दोन कॉलांच्या मधे मी वाकून विचारलं, "कशी आहेस गं?"

"बरी आहे बाई," ती म्हणाली आणि कॉर्ड उचलली.

मी तिथून हलले नाही.